वानलेसवाडीचे डॉक्टर आणि आपल्या रक्तातले शिपाई

विश्रामबाग सोडून मिरजेच्या दिशेने निघालं की वानलेसवाडी लागते. वाडी म्हटल्यावर कुणालाही वाटेल की एखाद्या जुन्या घराण्याची वस्ती असणार. पण वानलेस हे आडनाव ना साताऱ्याचं, ना सांगलीचं. ते थेट कॅनडातून आलेलं आहे. डॉ. विल्यम जेम्स वॉन्लेस हे त्या माणसाचं पूर्ण नाव. मिरजेतले रिक्षावाले ज्याला मिशन हॉस्पिटल म्हणतात ते त्यांनीच उभं केलं. आपल्यापैकी बहुतेकजण चार वर्षं या भागात काढतात, सबमिशन आणि व्हायवाच्या गडबडीत हे नाव शंभर वेळा ऐकतात आणि डिग्री घेऊन निघून जातात. म्हणून या अंकात त्यांच्याबद्दल लिहायचं ठरवलं. आणि त्यांच्याबरोबरच आणखी एका गोष्टीबद्दल, जी त्यांच्या प्रत्येक पेशंटच्या अंगात चालू होती पण त्यांना दिसू शकत नव्हती.

वॉन्लेस यांचा जन्म १ मे १८६५ चा, कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या एका लहान गावातला. पुढे ते न्यूयॉर्कला गेले आणि १८८९ साली तिथल्या युनिव्हर्सिटी मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले. त्याच वर्षी लग्न केलं आणि त्याच वर्षी प्रेसबिटेरियन मिशनचे डॉक्टर म्हणून पत्नी मेरीसह हिंदुस्थानात आले. वय वर्षं चोवीस! म्हणजे आपल्या फायनल इयरच्या मुलांपेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठे. ते धर्मप्रसारासाठीही आले होते, हे लपवायचं काही कारण नाही. पण लोकांनी त्यांना लक्षात ठेवलं ते डॉक्टर म्हणून.

सुरुवात झाली सांगलीतून, एका छोट्या दवाखान्याने. १८९२ मध्ये त्यांनी मुक्काम मिरजेला हलवला. तेव्हाचा नकाशा आजच्यासारखा नव्हता बरं का. सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थानं होती, आणि आजूबाजूचे तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात होते. संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ साली या सगळ्याचा मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. त्यामुळे सातारकर आणि सांगलीकर हॉस्टेलमध्ये कितीही भांडले तरी मुळात एकाच घरचे आहेत!

मिरजेच्या संस्थानिकांनी हॉस्पिटलसाठी जागा दिली. बांधकामाला पैसे दिले ते फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स यांनी. हे गृहस्थ बाल्डविन या रेल्वे इंजिनांच्या प्रसिद्ध कारखान्याचे मोठे अधिकारी. मेकॅनिकलच्या मित्रांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही. वाफेच्या इंजिनांवर कमावलेल्या पैशातून आपल्या भागातलं हे हॉस्पिटल उभं राहिलं. १८९४ साली ते सुरू झालं. मिरज रेल्वेचं जंक्शन असल्यामुळे कोल्हापूर, बेळगाव, सातारा, पुणे अशा चारी बाजूंनी पेशंट येऊ लागले.

वॉन्लेस मुळात सर्जन. मोतीबिंदू काढणं, पोटाची ऑपरेशन्स, गाठी काढणं हा त्यांचा रोजचा उद्योग. एकट्याने किती करणार, म्हणून १८९७ मध्ये त्यांनी मिरजेतच मेडिकल स्कूल काढलं. मिशनने चालवलेलं हे देशातलं पहिलं मेडिकल स्कूल मानलं जातं. त्याच सुमारास मुंबईत सुरू झालेला प्लेग रेल्वेच्या रुळांबरोबर इकडे पसरत होता. ऑपरेशनचं टेबल कितीही चांगलं असलं तरी प्लेगवर चाकू चालत नाही. अशा रोगांपुढे त्या काळचा हुशारातला हुशार डॉक्टरसुद्धा जवळजवळ रिकाम्या हातांनी उभा असायचा.

ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. वॉन्लेस शिकत होते तेव्हा रोगजंतूंचा शोध लागलेला होता. नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जंतू पाहिला होता. जर्मनीच्या रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवून दिला होता. म्हणजे शत्रू कोण ते कळलं होतं, पण त्याला मारायचं औषध नव्हतं. क्षयावरचं पहिलं खरं औषध स्ट्रेप्टोमायसिन सापडलं ते १९४३ साली, आणि तोपर्यंत वॉन्लेस यांना जाऊन दहा वर्षं झाली होती.

तरीसुद्धा त्यांनी नेमके हेच दोन रोग अंगावर घेतले. १९०० साली मिरजेत कुष्ठरोग्यांसाठी आश्रम उभा करायला त्यांनी मदत केली. १८९८ मध्ये सरकारने कायदा करून कुष्ठरोग्यांना पकडून वेगळं ठेवण्याची सोय करून ठेवली होती, तो हा काळ. घरचे सुद्धा ताटातलं अन्न लांबून सरकवायचे. १९२० साली त्यांनी क्षयरोग्यांसाठी हॉस्पिटल सुरू करायला हातभार लावला. ज्या जागेला आपण आज वानलेसवाडी म्हणतो तिची ओळख या टीबी सॅनेटोरियममुळेच झाली. साधारण त्याच काळात सातारा जिल्ह्यात पाचगणीलाही डॉ. बिलिमोरिया यांचं बेल-एअर सॅनेटोरियम चालू होतं.

सॅनेटोरियममध्ये उपचार काय, तर मोकळी हवा, ऊन, दूध-अंडी असं सकस जेवण आणि सक्तीची विश्रांती. बस! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा प्रकार अगदीच हिल स्टेशनच्या ट्रिपसारखा वाटला. पण औषध नसतानाही त्यातले काहीजण बरे होऊन चालत घरी जायचे. मग त्यांच्या फुप्फुसातल्या जंतूंना मारलं कुणी?

उत्तर आहे, त्यांच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशींनी. माझं सगळं शिक्षण इंग्रजी शाळेत झाल्यामुळे हा भाग डोक्यात इंग्रजीत बसलाय. त्यामुळे सोप्या मराठीत सांगायचा प्रयत्न करते. चालवून घ्या.

क्षयाचा जंतू श्वासातून फुप्फुसात जातो. तिथे मोठ्या भक्षक पेशी पहाऱ्यावर असतात. त्या जंतूला गिळतात. नेहमीचा जंतू असता तर तो आत पचून गेला असता. पण क्षयाचा जंतू महाबिलंदर! तो गिळला गेल्यावर त्याच पेशीच्या पोटात घर करतो. म्हणजे चोर पोलीस चौकीतच लपून बसला. आता बाहेरून शोधणाऱ्याला तो दिसणार कसा?

याच्यावर शरीराने एक जबरदस्त व्यवस्था केलेली आहे. आपल्या शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आत तयार होणाऱ्या प्रोटीनचे छोटे छोटे तुकडे स्वतःच्या पृष्ठभागावर टांगून ठेवते. जसं दुकानदार मालाचं सॅम्पल दारात लावतो, तसं. टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तातून फिरत ही सॅम्पल्स तपासत असतात. घरचाच तुकडा दिसला की पुढे जातात. जंतूचा किंवा व्हायरसचा परका तुकडा दिसला की थांबतात. ओळख पटायला परका तुकडा आणि तो ज्या चौकटीत लावलाय ती स्वतःच्या शरीराची चौकट, दोन्ही जुळावे लागतात. हे १९७४ च्या सुमारास डोहर्टी आणि झिंकरनागेल या दोघांनी ऑस्ट्रेलियात उंदरांवर काम करून दाखवलं आणि १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

ओळख पटल्यावर मारेकरी टी पेशी त्या पेशीला अगदी घट्ट चिकटते आणि मधल्या चिंचोळ्या फटीत आपल्या पिशव्या रिकाम्या करते. त्यात दोन मुख्य पदार्थ असतात. पहिला परफोरिन, तो समोरच्या पेशीच्या आवरणाला भोकं पाडतो. दुसरा ग्रॅन्झाइम, तो त्या वाटेने आत शिरतो. आणखी एक रस्ता आहे. टी पेशीच्या अंगावरचा एक रेणू समोरच्या पेशीवरच्या फास नावाच्या खुंटीला जाऊन बसतो, जणू कुणीतरी बेलचं बटण दाबलं. रस्ता कुठलाही असो, आत जाऊन सुरू होतं एकच. पेशीच्या आत कॅस्पेज नावाची एन्झाइम्स आधीपासून कुलूपबंद असतात. ती एकामागून एक मोकळी होतात आणि पेशीचा सांगाडा, डीएनए, सगळं पद्धतशीर कापायला लागतात.

थोडक्यात, टी पेशी समोरच्या पेशीला स्वतः चिरून टाकत नाही. मरण्याचा प्रोग्रॅम त्या पेशीतच लिहिलेला असतो, टी पेशी फक्त तो चालू करते! या मरणाला अपोप्टोसिस हे नाव १९७२ मध्ये दिलं गेलं. त्यात पेशी फुटून घाण पसरत नाही. ती आकसते, तिची छोटी गाठोडी होतात आणि शेजारच्या पेशी ती गाठोडी गिळून टाकतात. सिव्हिलवाल्यांना पटकन कळेल. भर वस्तीतली इमारत पाडायची असेल तर ती रस्त्यावर कोसळू द्यायची नसते. खांब ठरलेल्या क्रमाने तोडून ती जागच्या जागी बसवायची असते. काम झालं की टी पेशी सुटते आणि पुढच्या सावजाकडे जाते.

क्षयाच्या बाबतीत यात दुसऱ्या प्रकारच्या टी पेशींचाही मोठा वाटा असतो. त्या मारत नाहीत, पण रासायनिक इशारा देऊन भक्षक पेशींना चेव आणतात, आणि मग त्या आपल्याच पोटातल्या जंतूला मारू शकतात. जंतूही गप्प बसत नाही. ज्या पेशीत तो राहतो तिचा मरणाचा प्रोग्रॅमच तो दाबून ठेवायला बघतो. पेशी शिस्तीत मेली तर त्याचं घर जातं ना. मग दोन्ही बाजू अडून बसतात. शरीर जंतूभोवती पेशींची भिंत बांधून त्याला कोंडून ठेवतं. जगातल्या सुमारे पाव लोकसंख्येच्या अंगात क्षयाचा जंतू असा पोचलेला आहे असा अंदाज आहे, पण त्यातल्या फक्त ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी क्षय होतो. उपासमार, मधुमेह, एचआयव्ही, दारू-तंबाखू यांनी शिपाई अशक्त झाले की भिंत ढासळते.

आता परत सॅनेटोरियमकडे बघा. दूध, अंडी, विश्रांती हे जंतूला मारत नव्हतं, पण पहारेकऱ्यांचं पोट भरत होतं. हा नुसता माझा तर्क नाही. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्यांना सकस शिधा देऊन एक मोठा अभ्यास झाला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या घरांत जास्तीचा शिधा पोचला तिथे नव्याने क्षय होण्याचं प्रमाण जवळपास ४० टक्क्यांनी कमी झालं. अर्थात सॅनेटोरियम हा काही पुरेसा इलाज नव्हता. तिथे आलेल्या कितीतरी जणांचे शिपाई हरले. चांगली हवा आणि खाणं ही मदत झाली. प्रत्येकाला वाचवायला औषधंच लागतात.

आणि या शिपायांची दुसरी बाजूही आहे, ती मिरजेच्या कुष्ठरोग आश्रमात दिसत होती. कुष्ठरोगाचा जंतू नसांच्या आवरणातल्या पेशींत लपतो. ज्या रुग्णाच्या टी पेशी ढिल्या पडतात त्याच्या अंगात जंतू बेसुमार वाढतात. ज्याच्या टी पेशी जोरदार असतात त्याच्यात जंतू थोडेच सापडतात, पण लढाई नसेतच होत असल्याने नसच जळून जाते. मग हाताला चटका बसलेला कळत नाही, पायात काटा मोडलेला कळत नाही, जखमा चिघळतात आणि बोटं झडतात. लोक म्हणायचे, मागच्या जन्मीचं पाप. प्रत्यक्षात पाप-बीप काही नाही, स्वतःच्याच सैन्याचा गोळीबार चुकीच्या जागी झाला! आज कुष्ठरोगावर पक्की औषधं आहेत, रोग पूर्ण बरा होतो. मात्र एकदा मेलेली नस सहसा परत येत नाही, म्हणून लवकर तपासणी महत्त्वाची.

सर्जन वॉन्लेस ज्या गाठी काढायचे त्यांच्याशीही याच पेशींचा संबंध आहे. कॅन्सरची पेशी ही आपलीच बिघडलेली पेशी. तिच्या दारातल्या सॅम्पलमध्ये थोडा फरक पडला तर टी पेशी तिलाही त्याच परफोरिन-ग्रॅन्झाइमने मारतात. काही कॅन्सर पेशी हुशारी करून सॅम्पल लावणंच बंद करतात. अशांसाठी नैसर्गिक मारेकरी नावाच्या वेगळ्या पेशी असतात. दारात सॅम्पलच नाही हाच त्यांच्या दृष्टीने संशय. गंमत म्हणजे वॉन्लेस ज्या न्यूयॉर्कमध्ये शिकले, तिथेच ते भारतात आल्यावर दोनच वर्षांनी, १८९१ मध्ये, विल्यम कोली नावाच्या सर्जनने कॅन्सरच्या गाठीत मुद्दाम जंतू टोचून शरीराचं सैन्य जागं करायचा प्रयोग सुरू केला. आणि वॉन्लेस ज्या ओंटारिओत जन्मले, तिथल्याच डॉ. मोरालेस यांनी १९७६ मध्ये दाखवून दिलं की क्षयाची बीसीजी लस मूत्राशयात सोडली तर तिथला सुरुवातीचा कॅन्सर परत उलटण्याचं प्रमाण कमी होतं. आजही हा उपचार जगभर चालतो.

आपल्या इंजिनिअर लोकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट तर मुंबईत घडली. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून पेशंटच्याच टी पेशी बाहेर काढून, त्यांना कॅन्सर ओळखणारा नवा सेन्सर बसवून परत शरीरात सोडण्याचा उपचार तयार केला. नेक्सकार१९ हे त्याचं नाव. काही प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारी मान्यता मिळाली. सेन्सर नवा, पण मारायची पद्धत तीच जुनी.

आता थोडं हॉस्टेलबद्दल बोलते, कारण हा लेख लिहायचं खरं कारण तेच आहे. सेकंड इयरला आमच्या विंगमधली एक मुलगी महिनाभर खोकत होती. परीक्षा जवळ, मेसचं जेवण आवडत नाही म्हणून रात्री बिस्किटांवर भागवायची, वजन उतरत चाललेलं. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या संपल्या, शेवटी थुंकी तपासली आणि टीबी निघाला. ती घरी गेल्यावर काही मुलींनी तिची बादली फेकून दिली, तिच्या कॉटवर झोपायला कुणी तयार होईना. टीबी हवेतून पसरतो. बादली, ताट, कॉट यांतून नाही. नियमित औषधं सुरू झाली की बहुतेक रुग्णांकडून संसर्गाचा धोका काही आठवड्यांतच खूप कमी होतो. ती सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण करून बरी झाली आणि परत आली. पण सगळ्यात जास्त तिला लागली ती बादलीची गोष्ट. वानलेसवाडीच्या इतक्या जवळ राहून शंभर वर्षांनी सुद्धा आपण तिथेच आहोत का?

जगातल्या एकूण क्षयरुग्णांपैकी साधारण पाव एकट्या भारतात आहेत. म्हणून दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला, संध्याकाळी बारीक ताप येत असला, वजन घटत असलं, तर सरळ सरकारी दवाखान्यात जा. तपासणी फुकट, औषधंही फुकट. बरं वाटायला लागलं म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका; उरलेले जंतू मग औषधालाही दाद देत नाहीत. आणि मेसच्या वरणाला नावं ठेवत का होईना, पण जेवा! आपल्या रक्तातले शिपाई डाएटिंग करत नाहीत.

वॉन्लेस यांची पहिली पत्नी मेरी १९०६ मध्ये वारली. कोल्हापुरातलं मेरी वॉन्लेस हॉस्पिटल तिच्याच नावाचं. त्यांनी पुढच्या वर्षी लिलियन हेवन्स यांच्याशी दुसरं लग्न केलं आणि काम चालू ठेवलं. डॉ. चार्ल्स व्हेल यांच्यासारखे सहकारी त्यांनी तयार केले, ज्यांनी पुढे हॉस्पिटल सांभाळलं. १९२८ साली ब्रिटिश सरकारने त्यांना सर हा किताब दिला आणि त्याच वर्षी जवळजवळ चाळीस वर्षांच्या नोकरीनंतर ते निवृत्त होऊन अमेरिकेला गेले. १९३३ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेल इथे त्यांचं निधन झालं. टी पेशी हा शब्दसुद्धा त्यांच्या कानावर पडला नाही.

मला त्यांच्यात सगळ्यात मोठं वाटतं ते हेच. एखादा प्रॉब्लेम सुटण्यासारखा नसला की आपण तो ऑप्शनला टाकतो. या माणसाने बरे करता येत नसलेले दोन रोग घेतले, त्या पेशंटना खाट दिली, जेवण दिलं, त्यांच्या जवळ बसले, आणि उरलेलं काम त्यांच्या शरीरावर सोपवलं. औषध यायचं तेव्हा आलं. तोपर्यंत माणसाला माणसासारखं वागवायला कुठल्याही शोधाची वाट बघावी लागत नाही. पुढच्या वेळी मिरजेला जाताना वानलेसवाडी आली की खिडकीतून एकदा जरूर बघा.

- एक विद्यार्थिनी, टी.ई. (इलेक्ट्रॉनिक्स)